श्वास सोडा, सल्ला धरून ठेवा

आरोग्याविषयी सल्ला द्यायला मराठी माणसाकडे आजवर कोणी प्रमाणपत्र मागितलेलं नाही. पाठ धरली म्हणून नुसतं सांगून बघा. लिफ्ट तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तीन उपाय हातात पडतात: एरंडेल, भुजंगासन आणि कुणाच्या तरी मेव्हण्याला गुण आलेला हाडवैद्य. इतकी सोय फुकट असताना लोक शुल्क भरून, फॉर्मवर फोटो चिकटवून, रविवारच्या झोपेवर पाणी सोडून योगशिक्षक होण्याचा अभ्यासक्रम का करतात, हे मला तो अभ्यासक्रम स्वतः करेपर्यंत कळलं नव्हतं.

पहिल्या रविवारी शाळेच्या सभागृहात सतरंज्या अंथरून ओळखीचा कार्यक्रम झाला. ‘इथे का आलात?’ या प्रश्नाला ‘शिक्षक व्हायला’ असं उत्तर एकानेही दिलं नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना डॉक्टरांनी ‘कशात तरी मन गुंतवा’ असं सांगितलं होतं. घरच्यांनीही तेच सांगितलं होतं, पण कमी मोजक्या शब्दांत. वकीलबाईंची मान अवघडली होती. विमा प्रतिनिधी ‘चार ओळखी वाढतात’ म्हणून आले होते आणि चहाच्या आधीच त्यांच्या दोन ओळखी वाढल्या होत्या. निवृत्त हवालदार साहेबांना पोट कमी करायचं होतं. संगणक अभियंत्याला झोप येत नव्हती. एका काकूंचा मुलगा डॅलसला होता. ‘सून म्हणते, आई, इकडे योगाच्या तासाला डॉलर मिळतात,’ असं त्या कौतुकाने सांगत होत्या. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही हे वकीलबाईंनी तिथल्या तिथे निदर्शनास आणून दिलं, आणि वर्गातली पहिली मैत्री जुळता जुळता राहिली. मी गुडघ्यासाठी आले होते. थोडक्यात, कोणालाच शिकवायचं नव्हतं. सगळ्यांना स्वतःचं काहीतरी दुरुस्त करून घ्यायचं होतं, आणि शेजाऱ्याचं काय दुरुस्त करायला हवं हे प्रत्येकाला आधीच दिसलं होतं.

योगशिक्षक किती दिवसांत तयार होतो यावर जाणकारांचं एकमत नाही. गोव्यात हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर तो महिन्याच्या आत तयार होतो. तिथे दोनशे तासांचा अभ्यासक्रम चालतो आणि हा दोनशेचा आकडा ना पतंजलींचा, ना गोरक्षनाथांचा. १९९९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘योगा अलायन्स’ या संस्थेच्या नोंदणीतून तो जगभर गेला आणि हृषीकेशमार्गे पुन्हा भारतात आला. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पदविका आहे, ती नोकरी-संसार सांभाळून करता येते. लोणावळ्याचं कैवल्यधाम आहे. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय घडतं, याचा प्रयोगशाळेत शोध घेतला. त्याच्याही आधी, १९१८ मध्ये, योगेंद्रजींनी वर्सोव्याला ‘योग इन्स्टिट्यूट’ काढली. ती आता सांताक्रूझला आहे. आयुष मंत्रालयाच्या आधाराने २०१८ मध्ये योग प्रमाणन मंडळही आलं, त्याच्या वेगवेगळ्या पातळ्यांच्या परीक्षा असतात. आणि अय्यंगार परंपरेत शिक्षकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं घासल्याशिवाय परीक्षेला बसायचं नावही काढता येत नाही. म्हणजे महिन्यात झालेला शिक्षक आणि तपात झालेला शिक्षक एकाच बागेत शेजारी शेजारी वर्ग घेतात. ज्याचा स्पीकर मोठा त्याच्याकडे गर्दी.

खुद्द अय्यंगार गुरुजी पुण्यात आले ते १९३७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी. गुरू कृष्णमाचार्यांनी त्यांना सहा महिने डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पाठवलं. शिष्यांमध्ये त्यांना थोडंफार इंग्रजी येत होतं, हे निवडीचं एक कारण. प्रमाणपत्र नाही, मराठीचा गंध नाही, प्रकृती बेताची, आणि समोरचे विद्यार्थी वयाने मोठे आणि अंगाने दणकट. मग शिकवायचं ते आधी स्वतःच्या अंगावर करून पाहण्यासाठी त्यांनी तासन्‌तास एकट्याने सराव केला. ते सहा महिने २०१४ पर्यंत चालले. ही गोष्ट आमच्या सरांनी पहिल्याच तासाला भारावून सांगितली. त्यातून वर्गाने घेतलेला बोध असा, की प्रमाणपत्र नसलं तरी चालतं. सरांच्या मनातला बोध वेगळा असावा, कारण त्यांनी लगेच हजेरीची वही बाहेर काढली.

अभ्यासक्रमात पहिला धक्का बसतो तो पतंजलींकडून. योगसूत्रं प्रतीप्रमाणे १९५ किंवा १९६. त्यांत आसनावर खर्ची घातलेली सूत्रं तीन. बाकी सगळी चित्त, क्लेश, समाधी यांवर. नवी कोरी मॅट, दोन विटा आणि एक पट्टा विकत घेऊन आलेल्या माणसाला हे ऐकून फसवल्यासारखं वाटतं. त्यात यमांमध्ये अपरिग्रह निघतो, म्हणजे गरजेपेक्षा जास्त वस्तू जमवू नयेत. त्या दिवशी वर्गात मॅटच्या किमतीवरची चर्चा जरा दबक्या आवाजात झाली.

पुढचे ग्रंथ त्या मानाने उदार आहेत. हठप्रदीपिकेत पंधरा आसनं आहेत. घेरंडसंहिता सांगते, की जितके जीव तितकी आसनं, शंकराने सांगितली ती चौऱ्याऐंशी लाख. त्यांतली चौऱ्याऐंशी श्रेष्ठ आणि मर्त्य माणसाला बत्तीस पुरेत. इतकी घसघशीत सूट लक्ष्मी रोडवर दिवाळीतही मिळत नाही. अय्यंगार गुरुजींनी १९६६ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात आकडा पुन्हा दोनशेवर नेला. मयूरासनाने कालकूट विषसुद्धा पचतं, असं हठप्रदीपिका म्हणते. आमच्या वर्गात मयूरासन जमणारे एकच गृहस्थ होते, आणि त्यांना दूध पचत नव्हतं.

सूर्यनमस्कार हा योग की व्यायाम, या प्रश्नावर एक संपूर्ण सकाळ गेली. जुन्या हठग्रंथांत तो सापडत नाही, असं एका गटाचं म्हणणं. दुसऱ्या गटाने औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींना पुढे केलं, ज्यांनी संस्थानातल्या शाळांमधून मुलांकडून नमस्कार घालून घेतले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. दोन्ही बाजूंनी इतका जोर लावला, की त्या दिवशी सूर्यनमस्कार घालायचे राहून गेले.

पण अभ्यासक्रमाचा खरा कस लागतो तो शुद्धिक्रियांच्या वेळी. जलनेतीपर्यंत माणूस आब राखून असतो. शाळेच्या हात धुण्याच्या नळांसमोर रांगेने उभं राहून, मान तिरकी करून, एका नाकपुडीत कोमट मिठाचं पाणी ओतायचं आणि ते दुसरीतून येण्याची वाट पाहायची. मीठ कमी पडलं तर नाक झोंबतं, हे कळायला ग्रंथ लागत नाही. शाळेचा रखवालदार रोज दुरून बघायचा. एका सकाळी त्याने अदबीने विचारलं, ‘सर, सगळ्यांनाच एकदम सर्दी झाली का?’

मग येतं शंखप्रक्षालन. सरांनी आदल्या आठवड्यात नियम सांगितले. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर, हर्निया असणाऱ्यांनी करायचं नाही. हे ऐकताच आजवर स्वतःला ठणठणीत म्हणवणाऱ्या निम्म्या वर्गाला काही ना काही आजार आठवला. उरलेल्यांनी उपाशीपोटी यायचं, दोन पेले मीठपाणी प्यायचं, ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन आणि उदराकर्षण करायचं, पुन्हा दोन पेले प्यायचे, पुन्हा पाच आसनं. हे पोटातून स्वच्छ पाणी बाहेर पडेपर्यंत. ग्रंथकारांनी शरीराचा विचार सखोल केला आहे, पण शाळेत संडास तीनच असतील हे त्यांच्या कल्पनेत नसावं. त्या सकाळी मी अहिंसा, सत्य आणि अस्तेय या तिन्ही यमांचा एका दरवाजासमोर भंग होताना पाहिला. ‘माझा नंबर होता’ हे वाक्य सत्य आहे की नाही, हे पडताळायला कुणाला सवड नव्हती. विमा प्रतिनिधींनी त्या दिवशी एकही ओळख वाढवली नाही.

नंतर पाऊण तास पडून राहायचं, पण झोपायचं नाही. मग मूगडाळीची मऊ खिचडी आणि तिच्यावर तूप. वाटीभर तूप घ्यायला सर स्वतः सांगतात, हा या क्रियेचा सर्वांत लोकप्रिय भाग. वजन कमी करायला आलेल्या हवालदार साहेबांनी खिचडी दोनदा मागून घेतली आणि ‘हा योग रोज का नसतो?’ असं विचारलं.

यानंतर आले सराव पाठ. इथे बी.एड.ची सगळी यंत्रणा असते: पाठ टाचण, उद्दिष्टं, साहित्य, निरीक्षण वही. आसनाचं नाव, पूर्वस्थिती, घेण्याची कृती, अंतिम स्थिती, सोडण्याची कृती, श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा, कोणी करू नये, लाभ काय, एवढं सगळं समोरची माणसं थरथरायला लागायच्या आत सांगायचं. शिवाय वर्गाकडे तोंड करून शिकवायचं, म्हणजे ‘उजवा हात वर’ म्हणताना स्वतःचा डावा उचलायचा. यात मुरलेला माणूस रिक्षात बसला की तोंडाने ‘डावीकडे’ म्हणतो आणि हात उजवीकडे करतो. रिक्षावाला मग स्वतःच्या अंतःप्रेरणेने जातो.

आणि इथेच आमचं बिंग फुटलं. नोकरी सोडता येते, पण तिचा आवाज गळ्यातून जात नाही. हवालदार साहेबांनी ताडासनासाठी ‘हात वर!’ अशी आज्ञा दिली, आणि सगळा वर्ग गुन्हा कबूल करण्याच्या बेताला आला. प्राथमिक शिक्षिकेने ‘गडबड नको’ म्हणताच बँकवाल्या काकांचं बोट आपोआप ओठांवर गेलं. विमा प्रतिनिधींच्या शलभासनाला तात्काळ लाभ होते, दीर्घकालीन लाभ होते, कुटुंबाला होणारे लाभ होते. ‘कोणी करू नये’ हा भाग मात्र त्यांनी एका श्वासात, फार भरभर उरकला. वकीलबाईंनी उलट केलं. हलासनापूर्वी त्यांनी मान, हर्निया, रक्तदाब, डोळ्यांचे विकार, गर्भावस्था आणि नुकत्या झालेल्या शस्त्रक्रिया अशी कलमं इतक्या बारकाईने वाचली, की अखेरीस आसन करायला पात्र असा एकही इसम उरला नाही. बँकवाले काका श्वास मोजायचे. एकाचा जरी हिशेब लागला नाही, तरी सगळ्यांचं आसन पहिल्यापासून. संगणक अभियंत्याने दिवे मालवून स्लाइड दाखवल्या, आणि पाचवी स्लाइड येईस्तोवर वर्ग शवासनात पोचला. त्यांतले दोघे घोरत होते. स्वतः अभियंतासुद्धा जांभया देत होता. ज्या झोपेसाठी तो आला होता, ती अशी अनपेक्षितपणे सापडली.

पाठ उत्तम झाला तो डॅलसच्या काकूंचा. त्यांचं टाचण अर्धवट होतं, ‘पश्चिमोत्तानासन’ म्हणताना त्या दोनदा अडखळल्या, आणि लाभ सांगायचे राहूनच गेले. पण पंगतीत वाढणाऱ्या बाईला कोणाच्या पानातलं काय संपलंय हे न विचारता दिसतं, तसं त्यांना दिसत होतं. ‘तुम्ही गुडघा थोडा वाकवलात तरी चालेल. तुम्ही श्वास कोंडून धरलाय, सोडा बरं. आणि तुम्ही पायाचे अंगठे पकडायचा हट्ट सोडा, ते कुठे पळून जात नाहीत.’ सर पूर्णवेळ काही बोलले नाहीत. निरीक्षण वहीत मात्र त्यांनी काकूंसाठी शेरा लिहिला, ‘बघता. छान.’ आमच्यापैकी बहुतेकांच्या वहीत एकच शेरा होता, ‘बोलता छान. कमी बोला.’

सरांचं म्हणणं साधं होतं. आसन एकदा करून दाखवा आणि उठा. स्वतः करत राहिलात तर लक्ष स्वतःकडे जातं, वर्गाकडे जात नाही. मग फिरा. कोणाचा जबडा आवळलाय, कोणाचे खांदे कानाला लागलेत, कोण शेजाऱ्याशी स्पर्धा करतंय, ते बघा. दहा चुका दिसल्या तर एक सांगा. ही शेवटची अट ऐकून वर्ग हवालदिल झाला. दिसलेल्या दहापैकी नऊ चुका पोटात ठेवायच्या, यापुढे शंखप्रक्षालन काहीच नव्हतं.

घरी सराव करायला विद्यार्थी लागतात. योगशिक्षक होणाऱ्या माणसाच्या घरचे लोक अचानक फार कामात असतात. नवऱ्याने पहिल्या दिवशी ‘अगं, ऑफिसची मीटिंग आहे’ असं सांगितलं. रविवार होता. सासूबाई सतरंजीवर बसल्या, पण शिकवण्याचा ताबा त्यांनी स्वतःकडे घेतला. ‘आम्ही मंगळागौरीला रात्रभर पिंगा, कोंबडा आणि बसफुगडी घालायचो. तेव्हा कुठे होती तुमची पूर्वस्थिती?’ घरकामाला येणाऱ्या मावशींना मी मोठ्या उत्साहाने मलासन दाखवायला गेले. गुडघे पूर्ण दुमडून, टाचा टेकवून उकिडवं बसायचं. आमच्या वर्गात ते जेमतेम चौघांना साधलं होतं. मावशी सहज बसल्या, तशाच बसून निम्मी भांडी घासली आणि म्हणाल्या, ‘ताई, चार घरच्या फरशा मी वाकूनच पुसते. मला झोपायचं आसन असेल तर सांगा.’ मी त्यांना शवासन शिकवलं. इतकं निर्दोष शवासन मी पुन्हा पाहिलं नाही.

परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वकीलबाईंना ‘यम किती?’ विचारलं. ‘पतंजलींच्या मते पाच, हठप्रदीपिकेच्या काही प्रतींनुसार दहा,’ असं त्यांनी उत्तर दिलं, आणि ‘आपण कोणत्या प्रतीबद्दल विचारताय?’ अशी उलटतपासणीही केली. सगळे उत्तीर्ण झालो. त्यानंतर काही आठवडे शहरातल्या लग्नसमारंभांना फार वाईट गेले. पंगतीत ‘पाठ ताठ ठेवा’, मांडवात ‘पोटाने श्वास घ्या’, आणि पाया पडायला आलेल्या नवरीला ‘कमरेतून वाक, पाठीतून नको’. प्रमाणपत्राची शाई ओली असेपर्यंत माणूस असा वागतोच. नंतर काहींची शाई वाळते.

मग उजाडतो २१ जून. संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी हा दिवस योगासाठी मुक्रर केला. ठरावाला १७७ देश सहप्रायोजक होते. एवढे देश एकमुखाने दुसऱ्या कशाला हो म्हणतात कुणास ठाऊक. त्या दिवशी बँक, पोलीस ठाणं, शाळा, गृहसंस्था, सगळ्यांना सकाळी सहालाच योगशिक्षक हवा असतो. पंचेचाळीस मिनिटांचा ठरलेला क्रम असतो, पण प्रमुख पाहुणे जीन्समध्ये आणि उशिरा येतात, त्यामुळे क्रम वीस मिनिटांत आटपतो. पाहुण्यांचा वृक्षासनातला फोटो निघेपर्यंत सगळ्यांनी एका पायावर थांबायचं. मग शाल, श्रीफळ आणि पोहे. बावीस तारखेला सतरंज्या पुन्हा माळ्यावर जातात आणि शिक्षक आपापल्या कामाला.

आमच्या तुकडीतल्या दोघांनी मात्र बावीस तारखेलाही वर्ग भरवला आणि अजून भरवतात. एक डॅलसच्या काकू. त्या डॅलसला जाऊन आल्या, तिथे नातवाकडून नुसतं ताडासन करून घेतलं, आणि आता वस्तीतल्या विरंगुळा केंद्रात ज्येष्ठ नागरिकांना खुर्चीत बसवून शिकवतात. दुसरे हवालदार साहेब. त्यांची आज्ञा अजून खणखणीत आहे, पण ती दिल्यावर ते गप्प बसतात आणि वर्गभर फिरून बघतात. त्यांच्या वर्गात गर्दी नसते, पण आलेला माणूस सोडून जात नाही. त्यांचं पोट आहे तेवढंच आहे.

तेव्हा अभ्यासक्रम जरूर करा. निवडताना प्रमाणपत्रावर कोणत्या देशाचा शिक्का आहे हे विचारण्याआधी सराव पाठ किती घ्यावे लागतात आणि ते बघायला कोण बसतं, हे विचारा. गुडघा बरा होईलच असं नाही. माझा पावसाळ्यात अजून कुरकुरतो. पण दहातल्या नऊ गोष्टी न बोलण्याची सवय लागली, तर घरच्यांना शुल्क वसूल झाल्यासारखं वाटतं. आणि शिकवायचं नसेल, नुसतं शिकायचं असेल, तर एवढंच लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी शिक्षकाने तुमचे गुडघे, रक्तदाब आणि झालेल्या शस्त्रक्रिया विचारल्या नाहीत, तर मॅट गुंडाळा आणि घरी या.